अंगावरून जाण्याचा दोष कोणाच्या माथी?

अंगावरून पांढरं जाणं ही आपल्याकडच्या बायकांची बहुधा सगळ्यात दबक्या आवाजातली तक्रार असेल. दवाखान्यात गेल्यावरही ती सरळ तोंडातून बाहेर पडत नाही. कंबर धरते, पिंडऱ्या ओढतात, हातापायांत त्राण राहत नाही, असं सांगत सांगत बाई शेवटी त्या विषयापाशी येते. उत्तरं मात्र लगेच मिळतात. घरात सांगतात, अंगात उष्णता झाली असेल, धण्याचं पाणी पी. शेजारीण सुचवते, स्वच्छता कमी पडत असेल. औषधाच्या दुकानातला माणूस काही न विचारता गोळ्यांची पट्टी पुढे करतो. तालुक्याच्या गावातला एखादा डॉक्टर सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून म्हणतो, पिशवीला सूज आहे, काढून टाकलेली बरी. उत्तरं वेगवेगळी वाटली तरी त्या सगळ्यांनी एक गोष्ट धरूनच चाललेली असते : बिघाड बाईत आहे आणि तो तिनेच निस्तरायचा आहे.

शरीरातल्या जिवाणूंविषयी गेल्या सव्वाशे वर्षांत, आणि त्यातही गेल्या पंधरा वर्षांत जे कळलं आहे, त्यापुढे हा समज टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे. तरीही आपली घरं, आपले दवाखाने आणि आपला बाजार त्याच समजावर चालले आहेत. त्याची किंमत बायका स्वतःच्या शरीराने मोजत आहेत, कधी कधी तर शरीरातला अवयव देऊन.

या तक्रारीचा आवाका किती मोठा आहे हे जगापुढे आणलं ते महाराष्ट्रानेच. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९च्या जानेवारीत तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी हिशेब होता. या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किमान एक आजार निघाला. सरासरी काढली तर दर बाईमागे साडेतीनाहून जास्त आजार. त्यांतले निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. आणि त्याआधी स्त्रीरोगासाठी कधीतरी तपासणी होऊन उपचार मिळालेल्या बायका किती, तर अवघ्या आठ टक्के. मला त्या ९२पेक्षा हा आठचा आकडा जास्त बोचतो. आजार होण्यात निसर्गाचा हात असू शकतो. तपासणी न होणं मात्र पूर्णपणे माणसांच्या हातचं होतं.

आता मुळातल्या जिवाणूंकडे येऊ. १८९२ साली आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने योनीस्रावावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या डोक्यात घोळत होता तो बाळंतज्वर. शवविच्छेदनाच्या खोलीतून तसेच प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांनी बाळंतिणी मरतात, हे इग्नाझ झेमेलवाइसने व्हिएन्नात १८४७ मध्येच दाखवून दिलं होतं. डोडरलाइनने पुढचा प्रश्न विचारला : निरोगी बाईच्या योनीमार्गात मुळात असतं काय? त्याला दिसले काडीसारखे लांबट जिवाणू. ते आम्ल तयार करत होते आणि त्या आम्लात रोगजंतूंना थारा मिळत नव्हता. तो काळ ध्यानात घ्यायला हवा. कॉख आणि पाश्चर यांच्या शोधांनी वैद्यक भारावलेलं होतं, दर एक-दोन वर्षांनी नव्या रोगाचा जंतू सापडत होता आणि जंतू म्हणजे शत्रू हे समीकरण पक्कं होत होतं. नेमक्या त्याच वेळी हा माणूस सांगत होता की बाईच्या शरीराच्या या दाराशी जंतूच राखण करतात.

ती राखण कशी चालते ते पाहण्यासारखं आहे. मुलगी वयात आली की इस्ट्रोजेन वाढतं. त्याच्या प्रभावाने योनीमार्गाचं अस्तर जाड होतं आणि तिथल्या पेशींत ग्लायकोजेन साठतं. या पेशी सतत झडत राहतात, ग्लायकोजेन फुटून त्याच्या साध्या साखरा होतात आणि त्यांवर लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू पोसले जातात. साखरेचं ते लॅक्टिक आम्ल करतात. दुधाला विरजण लावल्यावर जे घडतं तेच इथे घडत असतं. या आम्लामुळे तिथला सामू, म्हणजे पीएच, साडेतीन ते साडेचारच्या आसपास राहतो. दुसऱ्या सस्तन प्राण्यांत हा प्रकार जवळजवळ आढळत नाही. माकडांच्या माद्यांतही या जिवाणूंचा वाटा अगदी किरकोळ असतो. माणसाच्या मादीने मात्र या जिवाणूंशी असा करार केलेला दिसतो की तिने खाऊ घालायचं आणि त्यांनी पहारा द्यायचा.

हा करार तिच्या सगळ्या आयुष्याशी बांधलेला आहे. पाळीचं रक्त जवळजवळ उदासीन असतं, त्यामुळे त्या दिवसांत आम्लता उतरते. पुरुषाचं वीर्य अल्कधर्मी असतं, तेही काही तास आम्ल मारतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन चढतं तसे लॅक्टोबॅसिलस जोर धरतात, पाळी कायमची गेल्यावर ते ओसरतात. पन्नाशीनंतर कित्येकींना लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा का होतो, याचं एक मोठं कारण इथे आहे. राउल राझ आणि वॉल्टर स्टॅम यांनी १९९३ मध्ये अशा स्त्रियांना योनीमार्गात लावायला इस्ट्रोजेन जातीचं मलम दिलं. लॅक्टोबॅसिलस परतले, सामू उतरला आणि औषधाविना मलम लावणाऱ्यांत वर्षाला सरासरी सहाच्या घरात होणारे संसर्ग, हे मलम वापरणाऱ्यांत सरासरी ०.५वर आले. आपल्या आई-मावश्या दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स घेत असतात आणि हे साधं मलम त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, याची मला खरोखर चीड येते.

यातून एक गोष्ट आधीच स्पष्ट व्हावी. थोडंफार पांढरं जाणं हा आजार नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, ताणला तर तार धरणारा स्राव येतो, तो स्त्रीबीज सुटण्याच्या सुमाराचा असतो. पाळीच्या आधी तो दाट आणि पांढुरका होतो. वास नाही, खाज नाही, जळजळ नाही, तर त्याला औषध लागत नाही. शाळेतल्या मुलींना पाळीविषयी सांगायला आता सुरुवात झाली आहे, पण हे कुणी सांगत नाही. मग चड्डीवर डाग दिसला की पंधरा वर्षांची मुलगी आपल्याला काहीतरी झालं आहे असं समजून वर्षानुवर्षं गप्प बसते.

आजार कधी म्हणायचा, तर राखणदार हटतात आणि एरवी मूठभर असलेले दुसरे जिवाणू तिथे गर्दी करतात तेव्हा. याला डॉक्टर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, थोडक्यात बीव्ही म्हणतात. खाज आणणारा, दह्याच्या कवड्यांसारखा स्राव बहुधा कॅन्डिडा या बुरशीचा असतो, तो निराळा. ट्रायकोमोनास हा एकपेशीय जीव, तोही निराळा. बीव्हीत स्राव पातळ, करडा-पांढरा असतो आणि त्याला माशासारखा वास येतो, विशेषतः संबंधानंतर. जगभर प्रजननवयातल्या साधारण दर चार बायकांमागे एकीला तो असतो.

बीव्हीचा शोध ज्या प्रयोगातून लागला तो वाचताना अंगावर काटा येतो. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स यांना वाटलं, आपल्याला या आजाराचा एकमेव जंतू सापडला. तो आज गार्डनेरेला या नावाने ओळखला जातो. पुरावा म्हणून त्यांनी तो जंतू निरोगी बायकांच्या योनीमार्गात सोडला. आजची कोणतीही नैतिकता समिती असं होऊ देणार नाही. पण निकालाकडे पाहा. शुद्ध वाढवलेला जंतू तेरा जणींना दिला, त्यांतली एकच आजारी पडली. आजारी बाईचा स्राव जसाच्या तसा पंधरा जणींना दिला, त्यांतल्या अकरा आजारी पडल्या. एकटा जंतू जे करू शकत नव्हता ते जंतूंचं अख्खं गाव करत होतं. एक आजार, एक जंतू, एक औषध ही पाश्चरच्या काळापासून चालत आलेली मांडणी इथे अपुरी पडली. हे त्या दोघांच्या स्वतःच्याच तक्त्यात लिहिलेलं होतं, पण वैद्यकाला त्याचा अर्थ पुरता उमगायला अर्धशतक गेलं.

बीव्ही ओळखायला महागडं यंत्र लागत नाही, ही या विषयातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. स्पेक्युलम लावून कापसाच्या बोळ्यावर थोडा स्राव घ्यायचा. लिटमससारखी पट्टी त्याला टेकवायची, रंग बदलून सामू साडेचारच्या वर दाखवतो का ते बघायचं. काचेवर थेंबभर स्राव, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब. त्या क्षणी माशाचा वास उसळतो का? दुसऱ्या काचेवर सलाइनचा थेंब, वर पातळ कव्हरस्लिप आणि काच मायक्रोस्कोपखाली. योनीमार्गाच्या निरोगी पेशीची कड कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ दिसते. बीव्हीत त्याच पेशीवर जिवाणूंचा असा थर बसतो की ती रवा लावून थापल्यासारखी दिसते, कड कुठे संपते ते कळत नाही. स्रावाचं रूप, सामू, वास आणि ही पेशी, या चारांपैकी तीन खुणा जमल्या की निदान झालं. ॲमसेल आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये घालून दिलेली ही रीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात मायक्रोस्कोप असतोच, तो मलेरिया आणि क्षयाच्या काचांसाठी वापरला जातो. बाईच्या स्रावाची काच मात्र त्याखाली क्वचित येते.

त्याऐवजी होतं काय? सरकारी व्यवस्थेत लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत आहे. बाई म्हणाली पांढरं जातं, की तिच्या हाती हिरव्या रंगाचं दोन नंबरचं किट. त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल, म्हणजे जिवाणूंवर एक आणि बुरशीवर एक. जिथे काहीच मिळत नव्हतं तिथे हे मोठं पाऊल होतं, याबद्दल मला शंका नाही. पण तपासल्याशिवाय दिलेल्या किटमधून निरोगी बाईला औषध जातं, आणि जिच्या गर्भाशयाच्या तोंडाला क्लॅमिडिया किंवा गनोरियाची बाधा आहे ती सुटते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सरही कधी दुर्गंधीच्या स्रावानेच वर्दी देतो. टेबलावर घेऊन पाहिल्याशिवाय तो कुणाला दिसणार?

याहून वाईट आहे तो धुण्याचा धंदा. अमेरिकेत १९२०-३०च्या दशकांत फरशी पुसायचं जंतुनाशक बायकांच्या आतल्या स्वच्छतेसाठी म्हणून विकलं जात होतं. आपल्याकडे २०१२ साली त्या जागेचा रंग उजळवणाऱ्या वॉशची जाहिरात टीव्हीवर झळकली, तेव्हा थोडी ओरड झाली. आज ओरड थांबली आहे आणि इंटिमेट वॉशच्या बाटल्या तालुक्याच्या दुकानातही मिळतात. योनीमार्ग आतून धुवायचा नसतो. तो धुणाऱ्या बायकांत बीव्ही जास्त आढळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. साबण अल्कधर्मी असतो, जंतुनाशकाला राखणदार आणि चोर यांतला फरक कळत नाही. बाहेरून साधं पाणी पुरतं. वास येतो म्हणून बाई धुते, धुतल्याने उरलेले लॅक्टोबॅसिलस जातात, वास वाढतो, ती आणखी धुते. या फेऱ्यात ती एकटी असते आणि तिला वाटत राहतं की आपणच कुठेतरी अस्वच्छ आहोत.

आता बीडकडे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जात आहेत, हे २०१९ मध्ये देशभर गाजलं. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण देशभर ३.३ टक्के होतं. या बायका काय तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेल्या होत्या? अंगावरून पांढरं जातं, रक्त जास्त जातं, ओटीपोटात दुखतं. आणि कॅन्सर होईल अशी भीती घालून शस्त्रक्रिया झाल्याचं त्यांतल्या कित्येकींनी सांगितलं.

यांतल्या काहींना गाठींसाठी किंवा न थांबणाऱ्या रक्तस्रावासाठी शस्त्रक्रियेची खरी गरज असेल, ते मी नाकारत नाही. पण पांढरं जाण्यासाठी गर्भाशय काढणं हे जिवाणूशास्त्राच्या कसोटीवर कसं उतरतं ते तपासू. बीव्ही योनीमार्गात असतो, गर्भाशय काढल्यावर योनीमार्ग जागेवरच राहतो. सोनोग्राफीत जिवाणू दिसत नाहीत, त्यामुळे त्या कागदावर स्रावाचं कारण असू शकत नाही. बीव्ही असताना गर्भाशय काढलं तर आतल्या टाक्यांना संसर्ग होण्याचा धोका वाढतो, हे जुनं आणि पक्कं ज्ञान आहे. आणि सोबत बीजकोष काढले असतील, तर इस्ट्रोजेनचा झराच आटतो. अस्तर पातळ होतं, ग्लायकोजेन संपतं, लॅक्टोबॅसिलसचं अन्न तुटतं. ज्या तक्रारीसाठी तिने कर्ज काढून पोट चिरून घेतलं, ती तक्रार थांबवू शकणारी यंत्रणाच तिच्या शरीरातून काढून टाकलेली असते. पस्तिशीच्या बाईला साठीच्या बाईचे त्रास सुरू होतात आणि ती पुन्हा फडात मोळ्या उचलायला उभी राहते.

तिने होकार का दिला, याचं उत्तर तिच्या अडाणीपणात शोधू नये. फडावर पहाटे उठून काळोखात आडोसा शोधावा लागतो, कोपीत पाणी नसतं, एक दिवस खाडा पडला तर उचलीतून पैसे कापले जातात. पाळीचे चार दिवस तिला परवडत नाहीत. डॉक्टर म्हणाला की कायमची सुटका होईल, तर त्या जगण्यात ते पटण्यासारखंच आहे. दोष त्या डॉक्टरकडे जातो ज्याला सामूच्या पट्टीचं काम ठाऊक होतं, निदान ठाऊक असायला हवं होतं.

बाईला बीव्ही होतो तेव्हा पुरुष कुठे असतो, हा प्रश्न वैद्यकाने फार काळ बाजूला ठेवला. १९८०-९०च्या दशकांत काही चाचण्यांत नवऱ्यांना गोळ्या देऊन पाहिल्या, बायकांच्या आजारात फरक पडला नाही, म्हणून प्रकरण मिटवलं गेलं. मात्र बीव्ही परत येण्याचं प्रमाण सगळ्यांना दिसत होतं. मेट्रोनिडॅझोलचा कोर्स घेतलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना वर्षभरात तो पुन्हा होतो. औषध जिवाणू मारतं, मग ते परत येतात कुठून?

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि २०२५च्या मार्चमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये उत्तर दिलं. १६४ जोडपी घेतली, बाईला बीव्ही आणि दोघांनाही दुसरा जोडीदार नाही. सगळ्या बायकांना नेहमीचे उपचार. अर्ध्या जोडप्यांत पुरुषालाही सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिनचं मलम. जुन्या चाचण्यांत नव्हतं ते हे मलम. कारण बीव्हीचे जिवाणू पुरुषाच्या लिंगाच्या त्वचेवरही राहतात आणि नुसती गोळी तिथे पुरी पडत नाही. बारा आठवड्यांत, जिथे फक्त बाईवर उपचार झाले तिथे ६३ टक्के जणींना बीव्ही परत आला, जिथे दोघांवर झाले तिथे ३५ टक्के जणींना. फरक इतका ठळक होता की चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आपल्या ओपीडीतल्या रांगा डोळ्यांपुढे आल्या. एकच बाई सहा महिन्यांत तीनदा येते आणि तिच्या केसपेपरवर दर वेळी ‘स्वच्छता राखणे’ असं लिहिलं जातं. तिने सल्ला पाळला नाही असं सगळे धरून चालतात. नवऱ्याला कुणी बोलावलेलं नसतं. त्याला काही त्रास होत नाही, त्याच्या कपड्यांवर डाग पडत नाही, मग तो कशाला येईल? ही वाटणी आपल्याला नवी नाही. वर आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच, देशातल्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ ३८ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदी ०.३ टक्के, निरोध साडेनऊ टक्के. मूल होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया तिची, मूल होत नसेल तर तपासण्या आधी तिच्या, पांढरं जातं तर गोळ्या तिच्या. निरोधाने बीव्हीचं प्रमाण घटतं. पण पंचविशीत ‘ऑपरेशन’ झालेल्या बाईच्या घरात निरोध येणार कशासाठी?

जिवाणू किती दूरवर परिणाम घडवतात याचं सगळ्यात हलवून टाकणारं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. क्वाझुलू-नाताल प्रांतात एचआयव्हीपासून बचाव म्हणून बायकांनी योनीमार्गात लावायच्या टेनोफोव्हिर जेलची चाचणी झाली. २०१० मध्ये निकाल आला : संसर्ग ३९ टक्क्यांनी कमी. कुणी म्हणालं, बायका जेल नीट वापरत नाहीत, म्हणून परिणाम अर्धवट. त्यात तथ्यही होतं. पण २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये दुसरं कारण पुढे आलं. ज्यांच्यात लॅक्टोबॅसिलसचा जोर होता त्यांना जेलने ६१ टक्के संरक्षण दिलं, ज्यांच्यात गार्डनेरेला आणि इतरांची गर्दी होती त्यांना अवघं १८ टक्के. ते जिवाणू औषधच पचवून टाकत होते. नियमाने जेल लावूनही कित्येकींच्या अंगातले जिवाणू ते आधीच संपवत होते आणि ठपका मात्र त्यांच्या सवयींवर येत होता.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. लॅक्टोबॅसिलस म्हणजे निरोगी आणि बाकी रोगी, असा नवा शिक्का तयार होऊ शकतो. जॅक्स रॅव्हेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ३९६ निरोगी, काहीही तक्रार नसलेल्या स्त्रियांचे जिवाणू तपासले. गोऱ्या आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांत लॅक्टोबॅसिलसचं प्राबल्य ८० ते ९० टक्के जणींत होतं, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांत ६० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लक्षण नसताना कित्येक बायका दुसऱ्याच जिवाणूंसोबत सुखाने जगतात. त्यांना प्रयोगशाळेच्या कागदावर आजारी ठरवणं म्हणजे जुना अन्याय नव्या भाषेत करणं आहे.

शिवाय जिवाणू बदलले की आजार टळतो असंही नाही. बीव्ही असलेल्या गरोदर स्त्रियांत वेळेआधी प्रसूतीचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून सुरुवातीलाच अँटिबायोटिक द्यावं, हे किती तर्कशुद्ध वाटतं. फ्रान्समध्ये ८४ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांची तपासणी करून बीव्ही असलेल्यांना क्लिंडामायसिन देऊन पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला : काही फरक नाही. गर्भाशयाच्या आतल्या जिवाणूंबाबतही अशीच घाई झाली. वारेत स्वतःचे जिवाणू असतात, असा २०१४ मध्ये मोठा गाजावाजा झाला. २०१९ मध्ये ‘नेचर’मधल्या काटेकोर अभ्यासाने दाखवलं की सापडलेले बहुतेक अंश प्रसूतीदरम्यान लागलेले किंवा प्रयोगशाळेतल्या रसायनांतून आलेले होते. एवढं असूनही आपल्या शहरांतल्या वंध्यत्व केंद्रांत गर्भाशयातल्या जिवाणूंच्या तपासण्या हजारो रुपयांना विकल्या जातात आणि प्रोबायोटिकच्या डब्या लिहून दिल्या जातात. मूल हवं असलेलं जोडपं नाही म्हणत नाही. आपल्या देशात गर्भनलिका बंद करणारा क्षयाचा जंतू मात्र आधी शोधायला हवा, त्याला पक्कं औषध आहे आणि ते सरकार फुकट देतं.

गोव्यातला एक अभ्यास इथे आठवणीत ठेवावा असा आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी हळदोण्याच्या परिसरातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांना विचारलं, तपासलं आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. पांढरं जाण्याची तक्रार साधारण दर सात जणींमागे एकीची होती. त्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरचा ताण, उदासी आणि त्यातून येणारा थकवा यांच्याशी जास्त घट्ट निघालं. म्हणून बाई खोटं बोलते असा अर्थ कुणी काढू नये. घरात जे बोलता येत नाही ते ती या एकाच तक्रारीतून बोलत असते. काच पाहिली, सामू पाहिला, काही निघालं नाही, तर तिला खुर्ची देऊन विचारायला हवं की घरी कसं चाललं आहे. तपासणीचा हाही उपयोग आहे. काय नाही हे कळल्याशिवाय काय आहे ते विचारता येत नाही.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल दोघांच्या नावे, काम दोघांचं, खाड्याचा दंड दोघांना. कारखान्याला आणि मुकादमाला जोडपं एकत्र मोजता येतं, ते फक्त दवाखान्याला जमत नाही. गोऱ्हे समितीनंतर बीडमध्ये हंगामाला निघण्याआधी बायकांची आरोग्य तपासणी होऊ लागली. दिवाळीच्या सुमाराला, गाड्या भरायच्या आधी, दोघंही गावातच असतात. त्या तपासणीच्या टेबलावर स्पेक्युलम, सामूच्या पट्ट्यांचं एक पुडकं आणि आरोग्य केंद्रातला तो मायक्रोस्कोप ठेवता येईल. जिच्या काचेवर कड हरवलेल्या पेशी दिसतील तिच्या नवऱ्याला आशाताईने त्याच दिवशी बोलवावं आणि सात दिवसांच्या गोळ्या व मलम त्याच्याही हातात द्यावं. मलम कसं लावायचं ते पुरुष आरोग्य सेवकाने बाजूला घेऊन समजवावं. मेलबर्नमध्ये जे १६४ जोडप्यांत पाहिलं ते इथे हजारो जोडप्यांत पाहता येईल आणि हंगाम संपून माणसं परतली की तीच काच पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवून फरक मोजता येईल. यातलं काहीही जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरचं नाही. औषधं स्वस्त आहेत, मायक्रोस्कोप आहे, माणसं आहेत. यादीत तिच्या नावापुढे त्याचं नाव लिहायचं बाकी आहे.